ज्येष्ठांसाठी इन्फ्लुएंझाची लस : संरक्षण किती आणि कसे?

(देवस्थानच्या वर्धापनदिनी सभामंडपात भरलेल्या महाजनांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



 वर्धापनदिनाच्या निमित्ताने या सभामंडपात आजवर आपण कीर्तने, प्रवचने आणि विद्वानांची व्याख्याने ऐकत आलो. त्या परंपरेत वैद्यकातील एका विषयावर, आणि तेही वैद्य नसलेल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नव्हे. माझी हयात कचेरीत रकाने भरण्यात आणि बेरजा ताडून पाहण्यात गेली. तथापि आजचा विषय बऱ्याच अंशी बेरजा ताडून पाहण्याचाच असल्यामुळे समितीची आज्ञा मी शिरसावंद्य मानली.

विषयाचे निमित्त आपणांस ठाऊक आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत, पावसाळ्यापूर्वी अग्रशाळेत ज्येष्ठ महाजनांसाठी इन्फ्लुएंझाच्या लसीचे शिबिर भरवावे, अशी सूचना पुढे आली होती. त्या वेळी एका वडीलधाऱ्या महाजनांनी विचारले, "ही लस घेतल्यावर इस्पितळात जाण्याची पाळी येणार नाही, अशी शंभर टक्के हमी कोणी देतो काय?" ती हमी कोणालाच देता आली नाही आणि सूचना तहकूब झाली. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर "होय" असे नाही, हे मी आरंभीच सांगून टाकतो. परंतु "नाही" एवढेच म्हणून वही मिटणे हेही बरोबर नव्हे. आपण देवाला कौल लावतो तेव्हा पाकळी उजवी पडते किंवा डावी पडते. आकडे तसा कौल देत नाहीत. ते "इतके" असे सांगतात. हे "इतके" म्हणजे नेमके किती, ते आज पाहावयाचे आहे.

या विषयाशी माझा संबंध कसा आला, तेही सांगणे प्राप्त आहे. तीन वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, चतुर्थीसाठी मुंबईहून मूळ घरी आले होते. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह जुना. येण्यापूर्वी त्यांनी मला फोनवर विचारले होते, "डॉक्टर ती फ्लूची लस घ्या म्हणतात, घेऊ काय?" मी कोठेतरी अर्धवट वाचले होते की, म्हाताऱ्या माणसांत ती लस फारशी चालत नाही. मोठ्या अधिकाराने मी सांगितले, "कशाला पैसे घालवता?" दादांनी लस घेतली नाही, मीही घेतली नव्हती. चतुर्थीला घर माणसांनी भरले होते. एका नातवंडाला ताप होता, दुसऱ्या दिवशी मला आला, तिसऱ्या दिवशी दादांना. मी पाच दिवसांत उठून बसलो. दादांना धाप लागली, न्युमोनिया झाला आणि गणपतीचे विसर्जन झाले तेव्हा ते इस्पितळात प्राणवायूच्या नळीवर होते. नऊ दिवसांनी ते घरी आले. देवाच्या कृपेने आज ते आहेत. पण या सभामंडपात नाहीत, कारण देवळाच्या पायऱ्या चढणे आता त्यांना झेपत नाही. त्यानंतर मी हा विषय पूर्ण वाचावयास घेतला. अर्धवट वाचून सल्ला देणाऱ्याने निदान एवढे तरी करावयास हवे होते.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. सर्दी-पडशाला आपण सरसकट "फ्लू" म्हणतो, परंतु इन्फ्लुएंझा हा एका विशिष्ट विषाणूचा रोग आहे. १९१८ साली त्याची जी जागतिक साथ आली ती जूनच्या सुमारास मुंबईमार्गे हिंदुस्थानात शिरली आणि देशात सव्वा ते पावणेदोन कोटींच्या आसपास माणसे दगावली, असे अंदाज आहेत. मराठी मुलखात तिला लोक "मानमोडी" म्हणत. त्या काळी या रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली लंडन येथे विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघा संशोधकांनी वेगळा केला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैनिकांसाठी मृत विषाणूंची लस तयार झाली आणि १९४५ मध्ये ती नागरिकांसाठी मंजूर झाली.

या विषाणूचा मुख्य दुर्गुण असा की तो रूप पालटतो. आज माणसांत फिरणाऱ्या त्याच्या मुख्य जाती म्हणजे "ए" वर्गातील एच-१ एन-१ आणि एच-३ एन-२, तसेच "बी" वर्ग. त्यांच्या बाह्य कवचात थोडा थोडा बदल सतत होत असतो. यास्तव १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे एक जाळे उभारले असून, त्यांच्याकडून आलेल्या माहितीवरून तज्ज्ञ मंडळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, पुढच्या मोसमाच्या लसीत कोणते वाण घालावे याची शिफारस करतात. लस तयार होण्यास काही महिने लागतात आणि तेवढ्यात विषाणूने अंग बदलले तर लसीचा नेम हुकतो. म्हणूनच ही लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते आणि तिचे यशही दर वर्षी सारखे नसते.

वृद्धांना हा रोग अधिक का बाधतो? वयोमानाने शरीराची प्रतिकारयंत्रणा मंदावते, फुप्फुसे दुर्बळ होतात आणि आधीचे मधुमेह, दमा, हृदयविकार यांसारखे रोग या तापाने उचल खातात. केवळ फुप्फुसांचेच नव्हे तर हृदयाचेही भय असते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, प्रयोगशाळेत इन्फ्लुएंझा निश्चित झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण त्याच रुग्णांच्या इतर काळातील प्रमाणाच्या सुमारे ६ पट होते. म्हणजे इस्पितळाच्या दाखल्यावर "हृदयविकार" असे लिहिलेले असले तरी त्यामागचा पहिला धक्का कधी कधी तापाचा असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत १९६० पासूनच पासष्टीवरील नागरिकांनी दर वर्षी ही लस घ्यावी, अशी सरकारी शिफारस आहे. मग लस वृद्धांना किती वाचवते, हे आजवर पक्के ठरावयास नको होते काय? येथेच हिशेबातील एक मोठी चूक दीर्घकाळ लपून राहिली होती आणि ती समजून घेतल्यावाचून पुढचे आकडे समजणार नाहीत.

पूर्वीचे बहुतेक अभ्यास सरळ होते : लस घेतलेले वृद्ध एका बाजूस, न घेतलेले दुसऱ्या बाजूस, आणि कोणत्या बाजूची किती माणसे इस्पितळात गेली वा मरण पावली याची मोजदाद. अशाच एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, जो १९९० ते २००० या दहा मोसमांचा होता आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, लस घेतलेल्यांत न्युमोनिया वा इन्फ्लुएंझासाठी इस्पितळात जाण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी आणि कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू ४८ टक्क्यांनी कमी आढळले. वाचणारा म्हणेल, मृत्यू निम्म्यावर आले! परंतु थोडा विचार करावा. २००५ साली लोने सिमोन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मृत्यूंच्या नोंदी तपासून दाखवले होते की, हिवाळ्यात वृद्धांचे जे मृत्यू होतात त्यांपैकी इन्फ्लुएंझामुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांहूनही कमी असतात. ज्या रोगामुळे शंभरांत दहादेखील मृत्यू होत नाहीत, त्यावरची लस शंभरांतले अठ्ठेचाळीस कसे टाळील? शिवाय १९८० पूर्वी सुमारे १५ टक्के असलेले वृद्धांतील लसीकरण २००१ पर्यंत ६५ टक्क्यांवर गेले, तरी या रोगाने होणारे मृत्यू त्या मानाने घटलेले दिसले नाहीत.

मग चूक कोठे होती? ती २००६ मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी उघड केली. त्यांनी ७२,५२७ वृद्धांच्या नोंदी घेतल्या आणि साथ सुरू होण्यापूर्वीचा काळ मुद्दाम वेगळा तपासला. त्या काळात इन्फ्लुएंझा फिरतच नसतो. अर्थात लसीचा लाभ शून्य दिसावयास हवा. प्रत्यक्षात साथीपूर्वीच लस घेतलेल्यांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला आणि ऐन साथीत ४४ टक्क्यांनी! न्युमोनिया व इन्फ्लुएंझासाठी इस्पितळात जाण्याचेही तेच : साथीपूर्वी २८ टक्के कमी, साथीत १८ टक्के कमी. याचा अर्थ उघड आहे. जो वृद्ध स्वतःच्या पायांनी जाऊन लस घेतो, तो मुळातच अधिक धडधाकट असतो. जो अंथरुणाला खिळलेला आहे, ज्याचे दिवस भरत आले आहेत, त्याला लसीसाठी कोण नेणार? लस घेतलेल्यांची बाजू अशी आधीच सरस होती आणि ते श्रेय लसीच्या खात्यावर जमा होत होते. कारकुनी भाषेत सांगावयाचे तर आरंभीची शिल्लक न वजा करताच नफा मांडला गेला होता.

मी जे अर्धवट वाचले होते ते एवढेच. जुने आकडे फुगलेले होते, एवढे वाचून मी लस निरुपयोगी ठरवली आणि दादांना तसे सांगितले. नफा फुगवून लिहिला होता म्हणजे धंदा तोट्यात होता, असा निष्कर्ष कोणताही जमाखर्च जाणणारा माणूस काढणार नाही. मी मात्र तो काढला.

खरा हिशेब दोन प्रकारे होतो. पहिला प्रकार चिठ्ठ्या टाकून. कोणाला लस व कोणाला नुसते पाणी द्यावयाचे, हे दैवावर सोपवले की धडधाकट आणि अशक्त माणसे दोन्ही बाजूंना सारखी वाटली जातात. नेदरलँड्समध्ये साठ आणि त्यावरील वयाच्या १,८३८ व्यक्तींवर असा प्रयोग झाला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ततपासणीने निश्चित झालेला इन्फ्लुएंझा, न घेतलेल्यांत ९ टक्के, तर घेतलेल्यांत ४ टक्के. म्हणजे रोग जवळजवळ निम्म्याने कमी. परंतु हा आकडा रोग होण्याचा आहे, इस्पितळात जाण्याचा नव्हे. इस्पितळात जाणारी माणसे तुलनेने थोडी, म्हणून त्यांचा हिशेब पक्का करावयास प्रयोगात लाखो माणसे घ्यावी लागतील. शिवाय ज्यांना लाभ होतो असे ठाऊक आहे त्या वृद्धांना नुसत्या पाण्याचे इंजेक्शन देणे आता नीतीला धरून होत नाही.

म्हणून दुसरा प्रकार निघाला, तो मोठा युक्तीचा आहे. ताप, खोकला, धाप घेऊन इस्पितळात दाखल झालेल्या सर्वच वृद्धांच्या नाकातील स्राव तपासावयाचा. ज्यांना इन्फ्लुएंझा निघाला त्यांची एक यादी, ज्यांना तो नसून दुसऱ्याच कारणाने आजार होता त्यांची दुसरी. मग दोन्ही याद्यांत लस घेतलेले किती, हे पाहावयाचे. दोन्ही याद्यांतील माणसे इस्पितळापर्यंत पोचलेली असल्यामुळे पूर्वीचा दोष पुष्कळसा, सर्वस्वी नव्हे पण पुष्कळसा, गळून पडतो.

हे केवळ समजण्यासाठी कल्पित उदाहरणाने सांगतो. इन्फ्लुएंझा नसलेल्या ८० जणांत ४० लस घेतलेले आणि ४० न घेतलेले निघाले, म्हणजे दोन्ही सारखे. इन्फ्लुएंझा झालेल्या ८० जणांत मात्र ३० घेतलेले आणि ५० न घेतलेले निघाले. पहिल्या यादीत एकास एक, दुसरीत पन्नासास तीस, म्हणजे एकास ०.६. ही जी ०.४ ची घट, तीच लसीची कर्तबगारी : ४० टक्के.

या पद्धतीने निरनिराळ्या देशांत २०१० ते २०१५ या काळात झालेल्या ३० अभ्यासांची एकत्र बेरीज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील निष्कर्ष असा : इन्फ्लुएंझामुळे इस्पितळात दाखल होण्यापासून लसीचे संरक्षण, पासष्टीच्या आतील प्रौढांत ५१ टक्के, पासष्ट व त्यावरील वयात ३७ टक्के. वृद्धांना अधिक छळणाऱ्या एच-३ एन-२ या जातीच्या बाबतीत, लसीतील वाण आणि फिरणारा विषाणू जुळले त्या मोसमांत वृद्धांतील संरक्षण ४३ टक्के होते. विषाणूने रूप बदलले त्या मोसमांत ते अवघ्या १४ टक्क्यांवर आले, आणि तेवढेही निश्चयाने सांगता येत नव्हते.

महाजनहो, शंभर टक्क्यांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. साधारणतः तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक. चांगल्या वर्षी त्याहून बरे. वाईट वर्षी फारच थोडे.

३७ टक्के याचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. शंभर लस घेतलेल्यांपैकी सदतीस सुरक्षित आणि त्रेसष्ट उघडे, असा तो नव्हे. समजा, लस न घेतलेल्या हजार वृद्धांपैकी एका मोसमात १० जण या तापाने इस्पितळात जाणार असतील, तर त्यांनी लस घेतली असता सुमारे ६ जण जातील. उरलेल्या ९९० जणांना इस्पितळात जावेच लागणार नव्हते, लस घेवोत वा न घेवोत. वाचलेले चार जण कोण, हे कोणालाच कधी कळत नाही. त्यांनाही कळत नाही. न झालेल्या अपघाताची नोंद कोणत्याही वहीत होत नसते. उलट लस घेऊनही जे सहा जण आजारी पडतात त्यांची नावे साऱ्या वाड्याला ठाऊक होतात आणि "अमक्याने लस घेतली तरी काय झाले ते पाहा" असे वर्षभर बोलले जाते. लसीची अपकीर्ती होते ती अशी.

त्याच न्यायाने मी माझ्याविषयीही बोलले पाहिजे. दादांनी लस घेतली असती तर ते इस्पितळात गेलेच नसते, असे मी म्हणत नाही. ३७ हा आकडा मला तसे म्हणू देत नाही. परंतु शंभरांत सदतीसची जी संधी त्यांच्या पदरात पडू शकत होती, ती मी माझ्या अर्धवट ज्ञानाने त्यांच्यापासून काढून घेतली, एवढे तर मला नाकारता येत नाही.

हे संरक्षण वाढवता येईल काय, याचाही प्रयत्न झाला आहे. वृद्धांचे शरीर लसीला मंद प्रतिसाद देते म्हणून तिची मात्रा चौपट करून पाहिली. अमेरिका व कॅनडात पासष्टीवरील सुमारे ३२,००० व्यक्तींवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. २०१४ च्या अहवालानुसार साध्या लसीच्या तुलनेत चौपट मात्रेच्या लसीने इन्फ्लुएंझा आणखी सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने पासष्टीवरील लोकांसाठी अशा सबळ लसींना अग्रक्रम दिला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये तीन मोसम चाललेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रचंड प्रयोगात ३,३२,००० हून अधिक वृद्धांनी भाग घेतला. न्युमोनिया वा इन्फ्लुएंझासाठी इस्पितळात जाण्याचे प्रमाण सबळ लसीच्या बाजूस ०.६८ टक्के आणि साध्या लसीच्या बाजूस ०.७३ टक्के आले. हा फरक इतका अल्प की तो योगायोगाचाही असू शकेल. केवळ निश्चित इन्फ्लुएंझाचे दाखले मोजले तेव्हा मात्र ०.०६ विरुद्ध ०.११ असा ठसठशीत फरक दिसला. न्युमोनिया अनेक कारणांनी होतो आणि लस त्यांतल्या एकाच कारणावर आहे. तेव्हा हे असे येणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. आपल्यापैकी कोणास कोणती लस योग्य, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे.

हृदयरोग्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगण्यासारखी आहे. हृदयविकाराचा झटका येऊन इस्पितळात आलेल्या सुमारे २,५०० रुग्णांवर आठ देशांत, आपल्या शेजारचा बांगलादेश धरून, चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. २०२१ च्या त्याच्या अहवालात वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण लस दिलेल्यांत २.९ टक्के आणि न दिलेल्यांत ४.९ टक्के आढळले. कोविडच्या साथीमुळे तो प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला, हेही सांगितले पाहिजे. परंतु येथे धडधाकटांची बाजू सरस असण्याचा जुना दोष नाही, म्हणून या आकड्यांना वजन आहे.

आतापर्यंतचे आकडे बहुतेक परदेशचे झाले, आणि तेथे लस हिवाळ्याच्या तोंडावर घेतात. आपण ती केव्हा घ्यावी? भारतातील शहरांच्या नोंदींचा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पुणे, नागपूर, दिल्ली, कोलकाता अशा बहुतेक ठिकाणी इन्फ्लुएंझाचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत दिसला; चेन्नई व वेल्लोरला तेथील पावसाच्या काळात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात; आणि फक्त श्रीनगरला युरोपप्रमाणे हिवाळ्यात. त्यावरून देशाच्या बहुतेक भागांत लस एप्रिल-मे महिन्यात घ्यावी, असे अभ्यासकांनी सुचवले. २००९ च्या एच-१ एन-१ साथीत देशातील पहिला बळी पुण्यात गेला तोही ऑगस्टमध्येच. लस घेतल्यावर संरक्षण उभे राहण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि पुढे काही महिन्यांत ते ओसरू लागते. म्हणून हिवाळ्यात घेतलेल्या लसीवर भाद्रपदापर्यंत विसंबून राहणे बरे नव्हे. आता आपले पंचांग पाहा. श्रावणातील उत्सव, त्यानंतर चतुर्थी! मुंबई, पुणे, बेळगाव, बंगळूर येथून मुलेबाळे मूळ घरी येतात, एका छपराखाली वीस-पंचवीस माणसे निजतात, बाहेर पावसाची झड आणि दारेखिडक्या बंद. विषाणूला यापेक्षा सोयीचा मुहूर्त कोणता? ज्येष्ठांनी वैशाखात किंवा ज्येष्ठाच्या आरंभी लस घेतली तर चतुर्थीला ती कामास येते.

आपल्या देशात पासष्टीवरील माणसांना जोखमीच्या गटात धरून ही लस सुचवलेली आहे; परंतु लहान मुलांच्या लसींप्रमाणे ती सर्वांना घरबसल्या मिळत नाही, बहुतेकांना पदरचे पैसे मोडून घ्यावी लागते. २०१७-१८ साली देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत पंचेचाळिशीवरील माणसांपैकी अवघ्या १.५ टक्के लोकांनी ती घेतल्याचे आढळले. शंभरांत दोनसुद्धा नाहीत.

अपायाविषयी बोलल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. टोचून घ्यावयाच्या नेहमीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. तेव्हा लसीमुळेच फ्लू होतो, हा समज चुकीचा आहे. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस कणकण, एवढे पुष्कळांना होते. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते, म्हणून टोचून झाल्यावर थोडा वेळ तेथेच बसावे. गीयाँ-बारे नावाचा मज्जातंतूंचा विकार अगदी विरळा, दहा लाखांत एक-दोन, अशा प्रमाणात लसीशी जोडला गेला आहे. ज्यांना तो पूर्वी झाला आहे किंवा लसीची तीव्र अ‍ॅलर्जी आलेली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. ताप भरलेला असताना घाई करू नये. आणि ही लस कोविडची नव्हे, न्युमोनियाच्या जंतूंवरची नव्हे. त्यांचे हिशेब निराळे आहेत.

लस हा एकच उपाय आहे, असेही कोणी समजू नये. ज्या घरात ताप आहे त्या घरच्या मुलांना दोन दिवस आजी-आजोबांच्या खोलीपासून दूर ठेवावे, खिडक्या उघडाव्यात, हात धुवावेत. तापलेल्या माणसाने त्या आठवड्यात आरतीला आला नाही तर देव रागावणार नाही. वृद्धाला ताप आला आणि धाप लागली, बोलताना तो भांबावला, तर रात्र उजाडण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. लवकर दिली तर गुणकारी ठरणारी औषधे या रोगावर आहेत. आमच्या घरी आम्ही दोन दिवस काढ्यावर काढले.

समारोपाकडे वळतो. ज्या वडीलधाऱ्यांनी हमी मागितली होती, त्यांच्या प्रश्नाचा मी अनादर करू इच्छीत नाही. त्या प्रश्नामुळेच हा हिशेब मांडण्याची संधी मला मिळाली. शंभर टक्के हमी नाही. परंतु आपण संसारात कोणत्या गोष्टीला शंभर टक्के हमी मागतो? पावसाळ्यापूर्वी आपण कौले चाळून घेतो. चाळलेले छप्परही एखाद्या वादळात गळते. म्हणून ज्येष्ठात कौले चाळणे कोणी सोडून दिले आहे काय?

माझी समितीला नम्र विनंती आहे की तहकूब झालेली सूचना पुन्हा पटलावर घ्यावी. सक्ती कोणावरही नसावी. डॉक्टरांनी प्रत्येकाची विचारपूस करूनच लस द्यावी. ज्यांना खर्च झेपत नाही अशा ज्येष्ठ कुळावींचा भार सुस्थितीतील महाजनांनी उचलावा. देवाच्या सेवेतील हेही एक अंग आहे. आणि शिबिराच्या फलकावर "संपूर्ण संरक्षण" असे शब्द लिहू नयेत. जे खरे आहे तेवढेच लिहावे : इस्पितळात जाण्याचा धोका एक तृतीयांशाने, चांगल्या वर्षी त्याहून अधिक, कमी होतो. खरे सांगून दहा माणसे आली तर ती पुढल्या वर्षीही येतील. खोटी हमी देऊन शंभर आली तर पहिल्याच तापाला ती फिरतील.

गेल्या एप्रिलमध्ये मी दादांना घेऊन लस टोचायला गेलो होतो. परतताना त्यांनी विचारले, "आता मला काही होणार नाही ना रे?" या वेळी मी अर्धवट उत्तर दिले नाही. म्हटले, "दादा, होऊ शकते, पण होण्याचा संभव कमी झाला." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कमी झाला ना? मग पुरे."

श्रींच्या कृपेने येथील प्रत्येक ज्येष्ठाला पुढची चतुर्थी आपापल्या घरी, आपल्या माणसांत घडो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.